एल्फिन्स्टन घराण्यातले धाकटे

एल्फिन्स्टन हे आडनाव स्कॉटलंडच्या ईस्ट लोदियन परगण्यातल्या त्याच नावाच्या गावावरून पडलं. आपल्याकडच्या 'कर' लागणाऱ्या आडनावांसारखंच. घराण्याला लॉर्डकी मिळाली १५१० साली. थोरल्याकडे गादी आणि जमीन, धाकट्यांनी आपापलं पाहायचं, असा तिथला रिवाज. नाव काढलं ते बहुतेक गादीबाहेरच्यांनीच.

त्यांत पहिले बिशप विल्यम एल्फिन्स्टन (१४३१–१५१४). वडील पाद्री, जन्म लग्नाबाहेरचा; चर्चमधली पदं मिळवायला खास परवानगी काढावी लागली. कायदा शिकायला ते फ्रान्सला गेले, परतल्यावर ॲबर्डीनचे बिशप झाले. १४९५ साली पोपकडून फर्मान आणवून त्यांनी तिथे विद्यापीठ काढलं, दोनच वर्षांत वैद्यकाचं अध्यासनही. स्कॉटलंडमध्ये पहिला छापखाना १५०७–०८ च्या सुमारास आला, तोही त्यांच्याच पुढाकाराने. १५१३ साली राजा चौथा जेम्स इंग्लंडवर चालून निघाला तेव्हा या म्हाताऱ्याने विरोध केला. राजाने ऐकलं नाही. फ्लॉडनच्या रणात राजा पडला आणि एल्फिन्स्टनांचे पहिले लॉर्डही.

ॲडमिरल कीथ यांना झटक्यात उरकतो. मूळ नाव जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, दहाव्या लॉर्डांचे पाचवे चिरंजीव. १७९५ मध्ये केप ऑफ गुड होप डचांकडून घेण्याच्या मोहिमेचं आरमार त्यांच्या हाताखाली होतं. ३१ जुलै १८१५ रोजी प्लिमथच्या बंदरात जहाजावर जाऊन, 'तुमची रवानगी सेंट हेलेनाला' हा निर्णय नेपोलियनला सांगण्याची कामगिरीही त्यांच्याच वाट्याला आली.

आपल्या ओळखीचे ते माउंटस्टुअर्ट (१७७९–१८५९), या ॲडमिरलांचे पुतणे. पोरवयात, १७९६ साली, ते कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. १८०९ मध्ये वकील म्हणून पेशावरला जाऊन काबूलचा राजा शाह शुजा याला भेटले आणि काबूलच्या राज्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. १८११ पासून पुण्याचे रेसिडेंट. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई जुंपली, तेव्हा संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि त्यांची पुस्तकं-हस्तलिखितंही राख झाली. पेशवाई बुडवणारा हा माणूस. त्यानेच पुढे ब्राह्मणांच्या दक्षिणेच्या पैशातून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा चालू करवली (१८२१). यात उदारपणा होता तसा हिशेबही: ब्राह्मण वर्ग एकदम दुखावणं परवडणारं नव्हतं. १८२७ मध्ये ते मुंबईच्या गव्हर्नरपदावरून उतरले, तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी काढली. त्यातून एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. बाळशास्त्री जांभेकर आणि दादाभाई नौरोजी तिथे शिकवत.

गव्हर्नर-जनरलपद त्यांनी दोनदा नाकारलं. अफगाणिस्तानवर स्वारी निघाली तेव्हा ते लंडनमध्ये निवृत्त होते. त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवलं: काबूल घ्याल, शुजाला गादीवर बसवाल, पण त्या गरीब, थंड, दूरच्या मुलखात त्याला टिकवणं जमणार नाही. शुजाला प्रत्यक्ष भेटलेल्या माणसाचं हे मत होतं. ते कोणी मनावर घेतलं नाही.

आणि काबूलच्या फौजेवर सेनापती म्हणून धाडलं कोणाला? माउंटस्टुअर्टच्याच चुलत भावाला. जनरल विल्यम एल्फिन्स्टन वॉटर्लूत लढलेले, पण आता साठीला टेकलेले, संधिवाताने जायबंदी. ६ जानेवारी १८४२ ला काबूलहून बर्फात माघार सुरू झाली: ४,५०० च्या आसपास सैनिक, त्यांत बहुतेक हिंदी शिपाई, आणि मागे सुमारे १२,००० बुणगे. आठवड्यात सगळं संपलं. १३ जानेवारीला फौजेतले एक वैद्य, डॉ. ब्रायडन, तेवढे तट्टावरून जलालाबादला पोचले. जनरल ओलीस राहिले आणि एप्रिलमध्ये कैदेतच वारले. दोष सगळा त्यांच्या माथी मारला जातो. मला विचाराल, तर त्यांना नेमणाऱ्यांचा अपराध मोठा.

घराण्याची गादी चालवणारे तेरावे लॉर्ड, जॉन, हे माउंटस्टुअर्टचे पुतणे. १८५३ ते १८६० मुंबईचे गव्हर्नर. त्यांच्याच कारकिर्दीत, १५ ऑक्टोबर १८५७ ला, मुंबईच्या मैदानावर दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. एल्फिन्स्टन रोड स्टेशन आणि एल्फिन्स्टन सर्कल यांना नाव होतं ते या जॉन यांचं. सर्कलचं हॉर्निमन झालं, स्टेशनचं २०१८ मध्ये प्रभादेवी. नावं बदलली याबद्दल तक्रार नाही. पण कॉलेज काकांचं, स्टेशन पुतण्याचं, एवढा भेद तरी वाचकांनी पुढच्या वेळी ध्यानात ठेवावा.