युद्धाचें कारण आणि युद्धाचें निमित्त

परक्या भूमीवर सैन्य पाठविणारा राज्यकर्ता ‘तेथील तेल आम्हांस हवें आहे’ असें आपल्या प्रजेस सहसा सांगत नाहीं. तो सांगतो, कीं तेथील दुबळ्या लोकांवर जुलूम होत आहे, आणि तो उघड्या डोळ्यांनीं पाहत बसणें सुसंस्कृत राष्ट्रास शोभत नाहीं. त्याचे टीकाकार म्हणतात, कीं जुलूम हें केवळ निमित्त. खरी नजर आहे ती खाणीवर नाहीं तर तेलाच्या विहिरीवर. दोन्ही पक्ष इतक्या ठामपणें बोलतात, कीं ऐकणारास वाटावें, युद्धाला एकच कारण असतें आणि तें कोणी तरी दडवून ठेवलेलें असतें. इतिहास पाहिला तर हीं दोन कारणें एकमेकांत किती गुंतलेलीं असतात तें कळतें. आणि त्यासाठीं कांगोइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

सन १८७६ च्या सप्टेंबरांत बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड यानें ब्रुसेल्स येथें भूगोलवेत्त्यांची व प्रवाशांची एक परिषद भरविली. मध्य आफ्रिकेंत ज्ञानाचा प्रकाश न्यावा आणि गुलामांचा व्यापार बंद पाडावा, हा तिचा जाहीर हेतु होता. पुढें १८७९ पासून हेन्री स्टॅन्ले हा प्रसिद्ध प्रवासी लिओपोल्डच्या वतीनें कांगो नदीच्या कांठीं ठाणीं वसवीत आणि तेथील सरदारांकडून करारांवर निशाण्या घेत हिंडला. १८८४-८५ मध्यें बर्लिनला १४ राष्ट्रांची परिषद झाली. तिच्या ठरावाच्या सहाव्या कलमांत, मूळ रहिवाशांचें रक्षण करूं, त्यांची स्थिति सुधारूं आणि गुलामगिरी नाहींशी करण्यास साहाय्य करूं, असें वचन सर्वांनीं दिलें. त्याच वर्षीं बेल्जमच्या सुमारें ७५ पट मोठा असा तो मुलूख ‘कांगोचें स्वतंत्र राज्य’ या नांवानें लिओपोल्डच्या खासगी मालकीचा झाला. या मालकानें त्या देशांत जन्मांत कधीं पाऊल टाकलें नाहीं.

कांगोच्या पूर्व भागांत त्या वेळीं झांजीबारकडील अरब व स्वाहिली व्यापाऱ्यांचें प्राबल्य होतें. ते गांवांवर धाड घालीत, माणसें पकडून विकीत आणि हस्तिदंत समुद्राकडे नेत. हा व्यापार खरोखरच क्रूर होता. तो लिओपोल्डनें कल्पनेनें रचलेला नव्हता. परंतु १८८७ मध्यें याच व्यापाऱ्यांतील सर्वांत बलाढ्य, टिपू टिब या नांवानें ओळखला जाणारा पुरुष, यास लिओपोल्डच्या राज्यानेंच स्टॅन्ले धबधब्याच्या प्रांताचा सुभेदार नेमलें होतें. जोंवर त्याची गरज होती, तोंवर गुलामगिरीचें पाप राजाच्या डोळ्यांत सललें नाहीं. हस्तिदंतावरून स्पर्धा वाढली तेव्हां मात्र दयेला जाग आली. १८९२ ते १८९४ पर्यंत युद्ध झालें. मूठभर युरोपीय अधिकारी आणि हजारों आफ्रिकी शिपाई यांनीं १८९३ मध्यें न्यांग्वे आणि कासोंगो हीं व्यापाऱ्यांचीं मुख्य शहरें घेतलीं. व्यापाऱ्यांची सत्ता मोडली, आणि त्यांच्या धाडीही थांबल्या. पूर्वेकडे झांजीबारला जाणारा हस्तिदंत आतां पश्चिमेकडे, अटलांटिक महासागराच्या वाटेनें, अँट्वर्पला जाऊं लागला. हत्तीचे दाखवायचे दांत वेगळे आणि खायचे वेगळे, असें मराठींत म्हणतात. येथें दाखवायचे दांतच खरा माल होता.

या युद्धाची परीक्षा युद्धानंतर झाली. सन १८८८ मध्यें डन्लप यानें हवा भरलेला टायर काढला, आणि रबराची मागणी वाढली. कांगोच्या अरण्यांत रबराच्या वेली पुष्कळ होत्या. १८९१-९२ च्या फर्मानांनीं ‘पडीक’ जमिनीचें उत्पन्न सरकारचें ठरलें. म्हणजे ज्या रानांत लोक पिढ्यान्पिढ्या शिकार करीत व कंदमुळें गोळा करीत, तें रानही राजाचें झालें. प्रत्येक गांवानें ठराविक रबर आणून दिलें पाहिजे, असा वेठीचा कर बसला. पुरुष रानांतून परत येईपर्यंत बायका ओलीस ठेवल्या जात. काडतूस वाया घालविलें नाहीं याचा पुरावा म्हणून शिपायांनीं मृतांचे हात कापून आणावे, अशी रीत पडली. आणि हात कमी पडले तर जिवंतांचेही कापले गेले. उपासमार, पळापळ व रोगराई यांनीं किती माणसें गेलीं याविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं. परंतु हा आंकडा कित्येक लाखांचा आहे, आणि कांहींजण तो एक कोटीपर्यंत नेतात. गुलामगिरी नष्ट करण्याच्या नांवानें झालेल्या युद्धाचा शेवट असा झाला.

येथपर्यंत टीकाकारांचें म्हणणें बरोबर ठरतें. परंतु कथेचा पुढचा भाग ते बहुधा सांगत नाहींत. लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनींतील कारकून ई. डी. मोरेल याच्या ध्यानांत आलें, कीं अँट्वर्पला येणारीं जहाजें रबर व हस्तिदंत यांनीं भरून येतात आणि जातांना मुख्यतः बंदुका व काडतुसें घेऊन जातात. व्यापार असता तर मोबदल्याचा माल गेला असता. मोरेलनें हा प्रश्न धसास लावला. मे १९०३ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटनें ठराव केला, आणि १९०४ मध्यें वकील रॉजर केसमेंट याचा अहवाल प्रसिद्ध झाला. या सर्वांच्या हातीं हत्यार कोणतें होतें? बर्लिनचें तें सहावें कलम. राजानें शोभेकरितां जें वचन दिलें, तेंच त्याच्यावर बजावलेल्या दाव्यांत दस्तऐवज ठरलें. १९०८ च्या नोव्हेंबरांत त्याला कांगो सोडून बेल्जमच्या सरकारच्या हवालीं करावा लागला.

हीच गोष्ट शंभर वर्षांनीं इराणच्या आखातांत दिसते. २ ऑगस्ट १९९० रोजीं इराकनें कुवेत घेतला. इराकवर कर्ज होतें, आणि तेलाचे भाव कोसळल्याचा राग होता. पण जाहीर कारण, कुवेतमधील क्रांतिकारकांनीं मदतीस बोलाविलें, असें सांगण्यांत आलें. तेथील सुमारें एक लक्ष सत्तर हजार भारतीयांस विमानांनीं मायदेशीं आणावें लागलें. इराक व कुवेत मिळून जगाच्या ज्ञात तेलसाठ्याचा सुमारें पांचवा हिस्सा एका हातांत गेला होता. अमेरिका व तिचीं सहकारी राष्ट्रें जानेवारी १९९१ मध्यें लढाईस उतरलीं त्यांत या हिशेबाचा वांटा मोठा होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. युद्धापूर्वी वॉशिंग्टन येथें एका मुलीनें इराकी शिपायांनीं अर्भकांना उबदार पेट्यांतून काढून मरूं दिलें, अशी साक्ष दिली होती. ती कुवेतच्या तेथील वकिलाची कन्या असल्याचें १९९२ मध्यें उघडकीस आलें, आणि त्या गोष्टीला पुरावाही सांपडला नाहीं.

तथापि युद्ध संपतांच उत्तरेकडील कुर्द लोक सद्दाम हुसेनविरुद्ध उठले आणि चिरडले गेले. लाखों माणसें बर्फाच्या डोंगरांत पळालीं. अमेरिकेच्या अध्यक्षांनीं फेब्रुवारींत इराकी जनतेला उठावाचें आवाहन केलेलें जगानें ऐकलें होतें, आणि निर्वासितांचे लोंढे तुर्कस्तानच्या सरहद्दीवर पोहोंचले होते. एप्रिलमध्यें सैन्य पाठवून कुर्दांसाठीं सुरक्षित क्षेत्र आंखण्यांत आलें. किर्कुकच्या तेलविहिरी त्या क्षेत्राच्या बाहेरच राहिल्या. दक्षिणेंत उठलेल्या शिया लोकांच्या वांट्याला मात्र असें कांहीं आलें नाहीं.

जेथें साधनसंपत्तीचा मोह नसतो तेथें काय होतें, तें रुआंडानें १९९४ मध्यें दाखविलें. सुमारें शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसें मारलीं गेलीं; आणि कत्तल सुरू झाल्यावर दोन आठवड्यांतच संयुक्त राष्ट्रांनीं आपलें तेथील सैन्य अडीच हजारांवरून २७० वर आणण्याचें ठरविलें.

आणखी एक विचित्र गोष्ट अशी, कीं ज्या युद्धांनीं कत्तली प्रत्यक्ष थांबविल्या, त्यांच्या कर्त्यांनीं माणुसकीचा दावा पुढें रेटला नाहीं. १९७१ मध्यें पूर्व बंगालमधून सुमारें एक कोटी निर्वासित भारतांत आले होते. तरी डिसेंबरांतील युद्धाचें समर्थन भारतानें मुख्यतः स्वसंरक्षणावर आधारलें. आमसभेनें ७ डिसेंबरला १०४ विरुद्ध ११ मतांनीं युद्ध थांबवून सैन्यें मागें घेण्यास सांगितलें. टांझानियानें १९७९ मध्यें इदी अमीनला युगांडांतून घालविलें तेंही, अमीननें आधीं आपल्या मुलखावर चाल केली होती, या कारणानें. व्हिएटनामनें सरहद्दीवरील हल्ल्यांचें कारण देऊन कंबोडियांत सैन्य घातलें, आणि ७ जानेवारी १९७९ रोजीं पोल पॉटची राजवट उलथली. त्या राजवटींत पंधरा ते वीस लाख लोक मेले होते. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें कंबोडियाची जागा पोल पॉटच्याच प्रतिनिधीकडे ठेवली.