स्कॅनरचा दुभाषी

दस्तऐवजांच्या नकला संगणकात उतरवून घेणारा स्कॅनर विकत आणणे आज सामान्य गृहस्थालाही अवघड राहिलेले नाही. परंतु तोच स्कॅनर विंडोजऐवजी लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालीला जोडला की सोबत आलेली सीडी बहुधा कुचकामी ठरते, कारण तिच्यातील ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यामधला दुभाषी, निर्मात्याने दुसऱ्याच दरबारासाठी नेमलेला असतो.

या अडचणीवर डेव्हिड मॉसबर्गर, अँड्रियास बेक प्रभृतींनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘सेन’ नावाची जी व्यवस्था उभारली, तिचे मर्म कामाच्या वाटणीत आहे. विंडोजवर रूढ असलेल्या ‘ट्वेन’ पद्धतीत ड्रायव्हर आपली खिडकी आणि बटणेही स्वतःबरोबर घेऊन येतो. सेनमध्ये यंत्राशी व्यवहार करणारा भाग निराळा व माणसाशी व्यवहार करणारा निराळा, आणि म्हणूनच एक्ससेन वापरा, सिंपल स्कॅन वापरा, की टर्मिनलवर नुसती ‘स्कॅनइमेज’ ही आज्ञा द्या, खालचा ड्रायव्हर तोच राहतो. स्कॅनर एका खोलीत व संगणक दुसऱ्या खोलीत असला तरी ‘सेनडी’ हा प्रोग्रॅम ६५६६ क्रमांकाच्या पोर्टवरून दोघांची गाठ घालून देतो, हाही या वाटणीचाच लाभ.

तरीही ‘स्कॅनर सापडत नाही’ ही तक्रार वारंवार ऐकू येते, आणि तिची तड लावताना पुष्कळजण घाईने यंत्रालाच दोष देतात. वस्तुतः येथे क्रमाने चौकशी करावयाची असते. ‘सेन-फाइंड-स्कॅनर’ ही आज्ञा यूएसबीवर स्कॅनर दिसतो की नाही एवढेच सांगते, तर ‘स्कॅनइमेज’ला यादी मागितली असता, ज्यांच्यासाठी एखादा ड्रायव्हर पुढे आला आहे तेवढेच स्कॅनर ती दाखवते; पहिलीला दिसले आणि दुसरीला दिसले नाही, तर केबल ठीक आहे असे समजून पुढे ‘डीएलएल.कॉन्फ’ ही फाइल उघडावी, कारण ड्रायव्हरांची हजेरी तेथे लागते आणि ज्या नावाच्या आरंभी हॅशचे चिन्ह आहे ते नाव गैरहजर धरले जाते. रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने स्कॅनर दिसतो आणि आपल्या खात्यातून दिसत नाही, असे असेल तर प्रश्न निव्वळ परवानगीचा. जोडलेल्या यंत्रांची व्यवस्था पाहणाऱ्या यूडेव्हच्या नियमांत त्या यंत्राचा उत्पादक-क्रमांक आहे की नाही ते पाहून, जरूर तर आपले खाते ‘स्कॅनर’ या गटात दाखल करावे. नेहमीच रूट होऊन काम उरकण्याची सवय मात्र मला धोक्याची वाटते.

काही यंत्रांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. फुजित्सूचा स्कॅनस्नॅप एस३०० हा छोटा स्कॅनर स्वतःचे फर्मवेअर, म्हणजे यंत्राला आतून चालवणारा प्रोग्रॅम, कायमचे जवळ बाळगीत नाही. वीज गेली की ते विसरतो, आणि प्रत्येक वेळी संगणकाने ते पुन्हा पाठवावे लागते. सेनमधील ‘एपजित्सू’ हा ड्रायव्हर ते इमानेइतबारे पाठवतो खरा, परंतु फर्मवेअरची फाइल निर्मात्याच्या मालकीची असल्यामुळे सेनबरोबर ती येत नाही. विंडोजच्या ड्रायव्हरमधून ती काढून ‘एपजित्सू.कॉन्फ’मध्ये नमूद केलेल्या जागी आपल्या हाताने ठेवावी लागते. एका फाइलीच्या अभावी धडधाकट यंत्र अडगळीत जावे, हा दोष तंत्राचा नव्हे, मालकीहक्काच्या अट्टाहासाचा आहे.

अलीकडच्या नेटवर्क-स्कॅनरांनी हे पुष्कळसे सोपे केले आहे. ‘ईएससीएल’ ही सामायिक बोली जाणणाऱ्या यंत्राला ‘सेन-एअरस्कॅन’ हा एकच ड्रायव्हर पुरतो.

ज्यांना यूएसबीचा साधा स्कॅनर घ्यावयाचा आहे त्यांनी मात्र केवळ कंपनीच्या नावावर विसंबू नये. कॅननच्या लाइड मालिकेचेच पाहा: लाइड ३० ला ‘प्लसटेक’ हा ड्रायव्हर लागतो, लाइड ११० ला ‘जेनेसिस’, आणि लाइड ३०० ला ‘पिक्समा’, कारण नाव तेच राहिले तरी आतली चिप बदलत गेली. सेनच्या यादीत प्रत्येक मॉडेलपुढे ‘संपूर्ण’, ‘चांगला’, ‘प्राथमिक’, ‘किमान’ अशा अर्थाचा शेरा असतो. दुकानात पैसे मोजण्यापूर्वी खोक्यावरचा मॉडेल-क्रमांक अक्षरशः ताडून पाहावा, आणि शेरा पहिल्या दोहोंपैकी नसेल तर तो स्कॅनर घेऊ नये.