बांध राखणाऱ्यांना निरोप

शाली आईने पुण्याहून पाठवल्या होत्या, नारळ इथल्या इंडियन स्टोअरमधले. वाचनालयाच्या तळघरातल्या हॉलमध्ये आमच्या संस्थेची वार्षिक सभा होती. चाळीसेक माणसं, प्रत्येकाने घरून आणलेला एकेक पदार्थ आणि मोठ्या किटलीतली कॉफी. विश्वस्त मंडळातून दोघं जण निवृत्त होत होते आणि आभाराचं भाषण माझ्याकडे आलं होतं. चार रात्री लिहिलं, चारही वेळा फाडलं. कारण त्या दोघांपैकी एका बाईंशी मी भर सभेत भांडलो होतो.

आमचं गाव मॅसॅच्युसेट्समधलं. संस्था छोटी, 'लँड ट्रस्ट' म्हणतात तशी. अशी पहिली प्रादेशिक संस्था याच राज्यात १८९१ साली निघाली. आता अमेरिकेत गावोगावी आहेत. आमच्याकडे पगारी माणूस एकही नाही. काही जंगल संस्थेच्या मालकीचं आहे. बाकी जमिनींचे मालक वेगळे, पण 'इथे कधीही बांधकाम होणार नाही' असा कायमचा करार त्यांनी नोंदवून दिलेला आहे. जमीन विकली तरी तो करार नव्या मालकालाही लागू राहतो. तो पाळला जातोय ना, हे दरवर्षी जाऊन बघायचं काम आमचं.

मी यात आलो ते लेकीमुळे. मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या उबदार पावसाच्या रात्री जंगलातले सॅलमँडर अंडी घालायला बाहेर पडतात. काळ्या अंगावर पिवळे ठिपके, वीतभर लांब. उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांत मासे नसतात, म्हणून अंड्यांसाठी ती डबकी त्यांना हवी असतात. वाटेत रस्ता आला की बिचारे चिरडले जातात. ॲमहर्स्ट गावात १९८७ साली त्यांच्यासाठी रस्त्याखालून बोगदे काढले. आमच्याकडे बोगदे नाहीत, फक्त विजेऱ्या आणि बादल्या. लेक सात वर्षांची असताना अशाच एका रात्री मला ओढून घेऊन गेली. तिथे भिजत उभ्या असलेल्या एका आजोबांनी विचारलं, "दिवसाउजेडी चालायला याल का?"

हे आजोबा निवृत्त सर्वेअर. दर एप्रिलला ते प्रत्येक जमिनीची हद्द पायी फिरत. इथल्या जंगलात जुन्या शेतांच्या दगडी भिंती आहेत, अगदी आपल्या कोकणातल्या गडग्यांसारख्या. कुठली भिंत हद्दीची, कुठली नुसती गुरांसाठी, लोखंडी खुंटी कुठल्या ओकच्या मुळाशी गाडलीय, सगळं त्यांना पाठ. मी ज्या घरातून आलो तिथे हद्द मोजली जायची ती भावकीत भांडायला. बांध कोरला म्हणून माझे आजोबा आणि चुलत आजोबा एकमेकांच्या तेराव्यालाही गेले नाहीत. आणि इथे हा माणूस स्वतःची नसलेली जमीन पंचवीस वर्षं, फुकट, मोजत होता.

दुसऱ्या त्या बाई, आमच्या खजिनदार. तीन वर्षांपूर्वी आमच्या जंगलाला लागून चार एकर विकायला निघाली. मी म्हटलं, राखीव निधी मोडू. बाई म्हणाल्या, "तो पैसा जमीन घ्यायचा नाही. घेतलेली राखायचा आहे." मी आवाज चढवला, तुम्ही नुसत्या पैशांवर बसून राहता असंही म्हणालो. मतदान झालं, मी हरलो. त्या चार एकरांवर आज तीन घरं आहेत.

पुढच्याच वर्षी करारातल्या एका जमिनीत शेजाऱ्याने झाडं तोडून लॉन वाढवलं, वर शेडही ठोकली. बांध कोरणारे सगळीकडेच असतात! आजोबांनी मातीखालची खुंटी शोधून काढली आणि दरवर्षीचे फोटो टेबलावर मांडले. समोरून वकिलाचं पत्र आलं. त्याच आठवड्यात आम्हीही वकील देऊ शकलो, तो बाईंनी राखलेल्या निधीतून. कोर्टात जायची वेळ आली नाही. शेड निघाली, रोपं लागली.

ती चार एकर गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. पण बाई चुकल्या नव्हत्या. सभेत मी एवढंच सांगितलं, आणि त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही भांडलात म्हणून मी हिशेब दोनदा तपासला."

मग मी देवराईबद्दल बोललो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. गावाने देवाच्या नावाने राखलेली ती झाडी, जिथून काठीही तोडायची नाही. तिथे देवाचा धाक असतो आणि गावाचा डोळा. आमच्याकडे देव नाही, म्हणून वही लागते आणि दरवर्षी चालणारे पाय लागतात. या दोघांच्या कामाचं दाखवायला काहीच नाही. जिथे काही झालं नाही, तेच त्यांचं काम.

शाली दोघांनीही तिथेच पांघरल्या. नारळाचं काय करायचं, असं आजोबांनी विचारलं. वाचनालयाच्या पायरीवर मी तो फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. जाताना त्यांनी हद्दीची वही माझ्या हातात दिली. येत्या एप्रिलला त्यांच्याशिवाय पहिल्यांदा जायचंय. लेक येते म्हणालीय.

खजिनदाराची खुर्ची मात्र अजून रिकामी आहे. वाचकहो, तुम्ही राहता त्या गावातही अशी एखादी संस्था आणि अशी एखादी रिकामी खुर्ची असू शकेल. 'हे आपलं गाव थोडंच आहे,' असं मीही दहा वर्षं म्हणत होतो. झाडांची नावं यायला हवीत असं काही नाही. हिशेब येतो ना? चालता येतं ना? मग एकदा सभेला जाऊन बसा.