कासवाला कान असतात का?

देवळात शिरताना मंडपातले दगडी कासव आपण नेहमी पाहतो. आपल्या संतांनीही कासवीचा दाखला पुष्कळदा दिला आहे. पिले पैलतीरी, कासवी ऐलतीरी; तरी तिच्या नुसत्या नजरेवर पिले वाढतात, असा तो दाखला. माया म्हणजे काय हे सांगायला तो फार चांगला आहे. पण समुद्रातल्या कासवीची खरी हकीकत निराळी आहे. ती रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू दाबून बसवते आणि समुद्रात निघून जाते. पिलांचे तोंडही ती पाहत नाही. मग या पोरक्या पिलांना वाट कोण दाखवते? ती ऐकतात काय, बघतात काय? आज याचाच थोडा विचार करू.

आधी कानाची गोष्ट. कासवाच्या डोक्यावर कान शोधू गेलात तर भोकसुद्धा दिसायचे नाही. म्हणून कोणी म्हणेल, कासव बहिरे. पण तसे नाही. डोळ्याच्या मागे, कातडीखाली चरबीचा थर असतो आणि त्याच्या आत कान दडलेला असतो. पाण्यातून आलेला नाद या चरबीतून आत पोचतो. तुम्ही विहिरीत बुडी मारली आहे ना? दुसऱ्या टोकाला कोणी पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटले, तर तो आवाज अगदी कानाशी झाल्यासारखा वाटतो. पाण्यात नाद हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. कासवाचा कान अशा पाण्यातल्या नादासाठीच घडलेला आहे.

१९६९ साली अमेरिकेत सॅम रिजवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरव्या कासवाचा कान तपासला. सेकंदाला ३०० ते ४०० कंपनांचा नाद त्याला सर्वांत चांगला ऐकू येतो असे आढळले. म्हणजे पेटीच्या मधल्या सप्तकातला स्वर म्हणा. बारीक, चिरका आवाज त्याच्या कामाचा नाही. खर्जातली घरघर मात्र त्याला कळते. बोटीच्या इंजिनाचा आवाज याच जातीचा, हे आपल्या दर्यावर्दी बांधवांनी ध्यानात ठेवावे.

मग समुद्राची गाज ऐकून पिलू पाण्याकडे धावते काय? नाही. शास्त्रज्ञांनी कासवांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून पाहिली, तेव्हा गाज जवळ असूनही त्यांना समुद्राची दिशा धड सापडेना. इथे काम डोळ्यांचे आहे. अंडी घातल्यापासून साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिले फुटतात. वरची वाळू तापलेली असेल तोवर ती खालीच दबून राहतात. वाळू निवली की वर येतात. म्हणून ती बहुधा रात्री बाहेर पडतात. रात्री किनाऱ्यामागचे सुरूचे बन, टेकडी काळी दिसते आणि समुद्राकडचे आकाश थोडे उजळ. पिलू काळोखाकडे पाठ करते आणि उजेडाकडे चालू लागते. पाण्यात शिरले की येणाऱ्या लाटांना सामोरे होऊन पोहते. लाटा किनाऱ्याकडे येतात, म्हणून त्यांच्या उलट जाणे म्हणजे खोल पाण्याकडे जाणे. किती साधा हिशेब!

आणि पुढे, जिथे किनाराच दिसत नाही तिथे? तिथे पृथ्वीच त्याचे होकायंत्र होते. गुरुजी मंडळींनी वर्गात लोहचुंबकाची सुई मोकळी टांगून दाखवावी. विषुववृत्ताच्या आसपास ती जवळजवळ आडवी राहते. जसजसे उत्तरेकडे जावे, तसतसे तिचे उत्तरेचे टोक खाली झुकते. हा झुकाव आणि चुंबकाचा जोर कासवाला जाणवतो. अमेरिकेत केनेथ लोहमन यांनी लॉगरहेड जातीच्या पिलांना पाण्याच्या टाकीत ठेवून, भोवती तारांची वेटोळी बसवून दूरच्या समुद्रातले चुंबकत्व तिथे निर्माण केले. पिलांनी त्याप्रमाणे पोहण्याची दिशा बदलली! २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर, ज्या चुंबकत्वात खाऊ मिळाला होता ते पुन्हा जाणवताच पिले तोंड उघडून, हातपाय मारून नाचू लागली.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात अंडी घालायला येतात. २०२१ साली ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व किनारा कुठे आणि आपले कोकण कुठे! एके काळी ही अंडी सर्रास उकरून नेली जात. २००२ पासून वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून अंडी जपण्याचे काम सुरू केले आणि ती चाल पुढे इतर गावांतही गेली.

पण कुत्र्याकोल्ह्यांपासून अंडी वाचवली, तरी एक वैरी उरतोच, तो म्हणजे आपला दिवा. किनाऱ्यावर लख्ख दिवा लावला की पिलाला तोच उजळ समुद्र वाटतो. ते उलट्या दिशेने रस्त्याकडे, अंगणाकडे चालू लागते आणि सकाळी उन्हात सुकून मरते. त्यात त्याची चूक काही नाही. लाखो वर्षे खरा ठरलेला नियम ते पाळते, उजेड तेवढा खोटा असतो.

तेव्हा किनाऱ्यावरच्या मंडळींनो, कासवांच्या मोसमात समुद्राकडचे दिवे रात्री मालवा. लावणेच भाग असेल तर त्यांवर झाकण घाला किंवा तांबूस उजेडाचे लावा. तो कासवाला कमी दिसतो. पिले पाहायला गेलात तर बॅटरीचा झोत मारू नका. कासवी आपल्या पिलांवर नजर ठेवू शकत नाही. ती नजर आता आपण ठेवायची आहे, आणि त्यासाठी दिवा मालवण्याखेरीज फारसे काही करावे लागत नाही.