विदागाराचे स्थलांतर आणि लिपीचा प्रश्न

परभणी जिल्ह्यातील मानवत किंवा सेलू येथे एखादी जिनिंग कंपनी आहे, अशी कल्पना करू. शेतकऱ्यांची नावे, कापसाची वजने व चुकारे ‘मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस’च्या एकाच फाइलीत आहेत. या फाइलीची मर्यादा २ गिगाबाइट आहे. ती अनेकांनी एकाच वेळी उघडली असता मध्येच वीज गेल्यास सबंध फाइल बिघडण्याचा संभव असतो. ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ या मुक्तस्रोत सर्व्हरात अपुरा राहिलेला व्यवहार आपोआप रद्द होतो. १९८६ साली बर्कली येथे आरंभिलेल्या प्रकल्पातून तो उदयास आला. त्यास परवानाशुल्क पडत नाही.

तथापि स्थलांतर म्हणजे केवळ तक्त्यांची नक्कल नव्हे. आपल्याकडील खरी अडचण लिपीची आहे. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फॉन्टातील नाव वस्तुतः रोमन चिन्हांच्या रूपाने साठविलेले असते. ‘विठ्ठल’ या नावातील वेलांटी तेथे ‘व’च्या आधी येते, तर युनिकोडात नंतर. म्हणून चिन्हे बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. तसे न केल्यास जुना विठ्ठल शोधूनही सापडत नाही. त्याच्या नावे दुसरे खाते उघडले जाते आणि चुकारा अडकतो.

यास्तव प्रथम लिप्यंतर, मग भरणा, नंतर पडताळणी, हा क्रम पाळावा. नोंदींची संख्या व रकमांची बेरीज जुळली तरी नावे शुद्ध उतरली असे सिद्ध होत नाही. ती गाववार यादी जुन्या कारकुनानेच वाचून पाहिली पाहिजे.