अकूस्टिक गिटारचे उन्हाळ्यातील जतन : उष्णता, सूर्यप्रकाश व लाकडातील ओलावा

प्रस्तावना

महाविद्यालयांच्या सांस्कृतिक विभागांत तबला, हार्मोनियम व तानपुरा यांच्या जोडीला अकूस्टिक गिटारही आता रूढ झाली आहे. युवक महोत्सवातील पाश्चात्त्य गायन असो वा स्नेहसंमेलन, या वाद्यावाचून कार्यक्रम पूर्ण होत नाही. वाद्य खरेदी केले जाते, त्याची नोंद डेडस्टॉक नोंदवहीत होते आणि परीक्षांचा हंगाम सुरू झाला की ते एखाद्या खोलीत कुलूपबंद होते. जून महिन्यात खोली उघडल्यावर घोडी उचललेली, तारा पट्टीपासून दूर गेलेल्या किंवा दर्शनी फळीला बारीक भेग पडलेली आढळते. अशा वेळी दोष बहुधा वाद्याच्या दर्जाला दिला जातो. वस्तुतः अनेकदा तो दोष साठवणुकीचा असतो. उष्णता व प्रत्यक्ष सूर्यप्रकाश यांमुळे गिटारची हानी नेमकी कशी होते व ती अल्प खर्चात कशी टाळता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वाद्याची रचना व त्यावरील ताण

गिटारचा नाद प्रामुख्याने तिच्या दर्शनी फळीतून निर्माण होतो. स्पेनमधील अल्मेरिया येथील प्रसिद्ध कारागीर आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांनी १८६२ साली कडा व पाठ पुठ्ठ्याची, परंतु दर्शनी फळी लाकडाची असलेली गिटार तयार करून हेच तत्त्व दाखवून दिले होते. ही फळी सामान्यतः स्प्रूस किंवा सीडर लाकडाची असते व तिची जाडी अवघी अडीच ते तीन मिलिमीटर असते. आतील बाजूने तिला पातळ आधारपट्ट्या चिकटवलेल्या असतात, तर बाहेरील बाजूने घोडी चिकटवलेली असते.

पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलोग्रॅम वजनाइतका असतो. नायलॉनच्या तारांच्या अभिजात गिटारवर तो साधारणपणे त्याच्या निम्मा असतो. हा ताण वाद्य वाजत नसतानाही अहोरात्र कायम राहतो आणि तो पेलण्याचे काम काही चौरस सेंटिमीटर सरसाचा थर व कागदासारखी हलकी फळी करीत असते. म्हणून गिटार ही केवळ लाकडी वस्तू नसून सतत भार सोसणारी रचना आहे, हे प्रथम लक्षात घेणे आवश्यक ठरते.

उष्णता व सरसाची पकड

कारखान्यांत तयार होणाऱ्या बहुतेक गिटारींमध्ये पांढऱ्या किंवा पिवळसर कृत्रिम सरसाचा वापर होतो. हा सरस एकदा वाळला की घट्ट धरतो; मात्र तो उष्णतेने पुन्हा मऊ होतो. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअस तापमानास त्याची ताण सोसण्याची शक्ती पुष्कळच घटते. दुरुस्ती करणारे कारागीर घोडी काढताना याच गुणधर्माचा उपयोग करतात. सांधा सावकाश तापवून त्यात पातळ पाते सरकवतात. जे काम कारागीर जाणीवपूर्वक करतो, तेच काम उन्हात राहिलेल्या वाद्यावर आपोआप घडते. सरस मऊ झाला की तारांचा ताण घोडीला पुढे खेचतो, मान किंचित वर उचलली जाते आणि आधारपट्ट्या सुटतात. सांधा एका क्षणात निखळतोच असे नाही. पुष्कळदा तो केसभर सरकतो आणि थंड झाल्यावर त्याच चुकीच्या जागी पुन्हा घट्ट होतो. त्यामुळे हानी झाल्याचे तत्काळ ध्यानात येत नाही.

उष्णतेतून येणारा कोरडेपणा

उष्णतेचा दुसरा परिणाम अप्रत्यक्ष, परंतु अधिक व्यापक आहे. हवेतील बाष्प तेवढेच राहून तापमान वाढले, तर सापेक्ष आर्द्रता कमी होते. उदाहरणार्थ, २५ अंश तापमानास ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली हवा ४५ अंशांपर्यंत तापल्यास तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २० टक्क्यांवर येते. अशा हवेत लाकूड आपल्यातील ओलावा सोडू लागते व आकसते.

हे आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते. तंतूंच्या दिशेने लाकूड जवळजवळ आकसत नाही. आडव्या दिशेने मात्र ठळकपणे आकसते. लाकडातील ओलावा १२ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आल्यास ४० सेंटिमीटर रुंदीची स्प्रूसची फळी सुमारे साडेतीन मिलिमीटरने आकसू पाहते. तिला आडव्या चिकटवलेल्या आधारपट्ट्या मात्र आपल्या लांबीत आकसत नाहीत. फळी आत ओढू पाहते आणि पट्ट्या तिला रोखून धरतात. या ओढाताणीत फळी तंतूंच्या रेषेत भेगाळते. तत्पूर्वी दोन खुणा दिसतात. एरवी किंचित फुगीर असणारी दर्शनी फळी सपाट किंवा खोलगट होते. तसेच पट्टीचे लाकूड आकसल्यामुळे धातूच्या पडद्यांची टोके कडेबाहेर येऊन बोटांना टोचू लागतात.

महाराष्ट्राच्या हवामानात या प्रक्रियेस विशेष महत्त्व आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणे नवे नाही व दुपारची हवा अत्यंत शुष्क असते. लगोलग जूनमध्ये पावसाळा सुरू होतो आणि तेच लाकूड ओलावा शोषून फुगू लागते. महाविद्यालयाची उन्हाळी सुटी नेमकी याच संक्रमणाच्या काळात येते. ज्या काळात वाद्याकडे कोणाचेही लक्ष नसते, त्याच काळात त्याला सर्वाधिक लक्ष हवे असते.

प्रत्यक्ष सूर्यप्रकाश

ऊन थेट पडल्यास वस्तूचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा बरेच अधिक होते. गडद रंगाचे वाद्य किंवा काळी पेटी अधिक उष्णता शोषते. म्हणून ‘पेटीत ठेवले आहे, तेव्हा सुरक्षित आहे’ हा समज उन्हात चुकीचा ठरतो. पेटी प्रकाश अडवते. उष्णता मात्र ती काही काळच रोखू शकते.

याखेरीज सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लाकडातील लिग्निन या घटकाचे विघटन घडवतात. स्प्रूस पिवळसर तपकिरी होते, तर शिसवीसारख्या गडद लाकडाचा रंग फिका पडतो. खिडकीची साधी काच या किरणांचा काही भागच अडवते. नायट्रोसेल्युलोज रोगण उष्णतेने मऊ होऊन रबरी आधारास चिकटते आणि एकदम थंडावा मिळाल्यास त्यावर जाळीदार तडे उमटतात.

बंद मोटार

वाद्यासाठी सर्वांत धोकादायक जागा म्हणजे उन्हात उभी असलेली बंद मोटार होय. लहान मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश असताना बंद मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले व त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच किंचित खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे ३६ अंशांच्या साध्या दिवशीही सरस मऊ होण्याची मर्यादा फार दूर राहत नाही. स्पर्धेस जाताना वाटेत जेवणासाठी घेतलेला थांबाही त्यास पुरेसा ठरतो.

जतनाचे उपाय

पहिला उपाय जागेच्या निवडीचा आहे. वाद्य पत्र्याच्या छपराखाली, गच्चीलगतच्या वरच्या मजल्यावर, पश्चिमेकडील भिंतीस टेकवून किंवा लोखंडी कपाटाच्या माथ्यावर ठेवू नये. तळमजल्यावरील आतील खोली त्यासाठी योग्य होय. वापरात नसताना ते कडक पेटीत बंद असावे.

दुसरा उपाय आर्द्रतेच्या नियंत्रणाचा आहे. ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता गिटारसाठी अनुकूल मानली जाते. पेटीत लहान आर्द्रतामापक ठेवल्यास अंदाजावर विसंबावे लागत नाही. उन्हाळ्यात छिद्रे पाडलेल्या साबणदाणीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवावा; तो लाकडास स्पर्श करणार नाही व दर आठवड्यास तपासला जाईल, याची दक्षता घ्यावी. पावसाळ्यात त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. कूलरच्या झोतासमोर वाद्य ठेवणे हा उपाय नव्हे. दिवसा दमट व रात्री कोरडी अशी हवा लाकडास अधिक थकवते.

तिसरा उपाय ताणाविषयीचा आहे. दीर्घ सुटीपूर्वी सर्व तारा एका पूर्ण स्वराने उतरवाव्यात. उन्हातून आणलेल्या वाद्याच्या तारा प्रसरण पावून स्वर उतरलेला असतो. त्याच अवस्थेत तो चढवल्यास थंड झाल्यावर ताण प्रमाणाबाहेर जातो. म्हणून प्रवासानंतर पेटी किमान अर्धा तास सावलीत बंदच ठेवून नंतर उघडावी.

चौथा उपाय तपासणीचा आहे. घोडीच्या मागील कडेखाली कागदाचा कपटा सरकतो का, फुटपट्टी आडवी धरली असता दर्शनी फळी खोलगट दिसते का आणि बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची वाढली आहे का, या तीन बाबी पाच मिनिटांत पाहता येतात. दोष आढळल्यास तारा सैल करून वाद्य कारागिराकडे द्यावे. भेगेत घरगुती डिंक भरल्यास पुढील दुरुस्ती अवघड होते. प्लायवूडच्या गिटारी कमी आकसतात हे खरे. परंतु त्यांचे सांधेही सरसाचेच असल्याने उष्णतेचा धोका त्यांनाही तितकाच असतो.

समारोप

उष्णता सरस मऊ करते, कोरडेपणा लाकूड आकसवतो आणि तारांचा ताण या दोहोंचा लाभ घेतो. ही तिन्ही कारणे एकत्र आली म्हणजे हानी अधिक गंभीर होते. त्यांपैकी एखादे जरी दूर केले तरी धोका कमी होतो. त्यासाठी मोठ्या तरतुदीची गरज नाही. सुटी लागण्यापूर्वीच्या कामांच्या यादीत वाद्यांच्या जागेची व तारांची नोंद असावी आणि सुटीत दर आठवड्यास एकदा पेटी उघडण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे असावी, एवढे पुरेसे आहे. नोंदवहीत गिटार डेडस्टॉक म्हणून लिहिली जात असली, तरी तिचे लाकूड ऋतूंना प्रतिसाद देत असते. ते जपले, तर एकच वाद्य विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांच्या हाती सुरात पोचू शकते.