रुळातला आवाज आणि चकतीची भूक

मंडळी, दौंडसारख्या जंक्शनच्या गावात बोलायचं आणि रूळ टाळायचे, हे जमायचं नाही. रुळावरून पाणी सोडत हळूहळू ढकलत नेलेली तपासणीची ट्रॉली तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. पाणी अशासाठी, की प्रोब आणि रूळ यांच्यात हवेची फट राहिली तर आवाज पोलादात शिरतच नाही. आवाजही कसला? सेकंदाला 20 ते 40 लाख कंपनांचा, आपल्या कानांना न कळणारा. 60 किलोचा रूळ 172 मिलिमीटर उंच असतो. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे 5900 मीटर जातो, म्हणजे तळाला लागून परत यायला 58 मायक्रोसेकंद. त्याआधीच प्रतिध्वनी आला, तर मध्ये तडा असू शकतो.

प्रोबमध्ये पिझोची चकती असते. दाबली की वीज देते (क्यूरी बंधूंनी हे 1880 मध्ये दाखवलं) आणि वीज दिली की हलते.

शिरूरचा एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर 2 मेगाहर्ट्झ बरोबर दिसतंय, पण प्रतिध्वनीच येत नाही." मी तत्त्वज्ञानाचा माणूस, पण हिशोब करता येतो. पिन देते 5 व्होल्ट आणि फार तर 20 मिलिअँपिअर. चकती विजेच्या दृष्टीनं कपॅसिटर आहे, समजा 1 नॅनोफॅरडचा. तो 50 नॅनोसेकंदांत 100 व्होल्टपर्यंत भरायचा तर 2 अँपिअर लागतात. शंभरपट! आपण "सिग्नल वाढवतो" म्हणतो, ते खरं तर चुकीचं आहे. सिग्नल तेवढाच राहतो. तो फक्त दुसऱ्या, मोठ्या पुरवठ्याची तोटी उघडतो आणि मिटतो.

त्यानं मग पिनला थेट मोठा मॉस्फेट जोडला. तो तापून गेला. कारण मॉस्फेटचं गेटसुद्धा कपॅसिटरच. पिन ते सावकाश भरते, तोटी अर्धवट उघडी राहते आणि वीज तिथेच जळते. मध्ये गेट ड्रायव्हरची चिप हवी, क्षणभर दोन-चार अँपिअर देणारी. शिवाय चकती भरायची तशी रिकामीही करावी लागते, हे पुष्कळजण विसरतात. आणि हे सलग चालवलं तर त्या एका चकतीसाठी 20 वॅट लागतील. म्हणून एक ठोका द्यायचा, मग गप्प राहून ऐकायचं.

आता माझ्या विषयाकडे येतो. भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला प्रमाण मानतात, पण अट घालतात: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, म्हणून तो नाही असं ठरत नाही. रुळाचंही तेच. ठोका दुबळा असेल किंवा पाणी संपलं असेल, तरी तड्याचा प्रतिध्वनी येत नाही. आणि ती शांतता निर्दोष रुळासारखीच दिसते. म्हणून सरळ खाली पाहणाऱ्या प्रोबला तळाचा प्रतिध्वनी मिळतोय ना, हे आधी बघायचं. तो आहे तोवरच मधल्या शांततेला अर्थ.

त्या मुलानं ड्रायव्हर बसवला, 40 मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीवर थोडं तेल लावून चकती टेकवली. साडेतेरा मायक्रोसेकंदांनी तळ बोलला. रेल्वेच्या रुळाला मात्र हात लावायचा नाही, असं मी त्याला बजावलंय.